उठायचं तर वेळ सांगून ऊठ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘भांडणात मी आवाज चढवत नाही, गुपचूप उठून जातो, तरी बायको आणखी चिडते. मग करू तरी काय?’ तुझा जीव आहे तिच्यावर, ते मला माहीत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. भांडणातून उठायला माझी काही हरकत नाही. पण उठायचं तर परत कधी येणार ते सांगून ऊठ.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना वादाच्या विषयावर बोलायला बसवून त्यांचे हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरचं बोलणं डोक्यात शिरतच नाही, आणि अंग निवायला निदान २० मिनिटं लागतात, असं ते सांगतात. तेव्हा तुला थांबावंसं वाटतं ते बरोबरच आहे. पण तुझी धडधड तिला ऐकू येते का? तिला दिसतं ते फक्त लागलेलं दार.

मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोज. २५ च्या वर गेले तर म्हण, ‘मला आत्ता धड बोलता येणार नाही. साडेनऊला गच्चीवर बोलू.’ वेळही सांगायची आणि जागाही. ‘नंतर बघू’ चालणार नाही. आई बाहेरच्या खोलीत असताना घरातच बोलायला बसलात, तर बायको अर्धंच बोलेल आणि उरलेलं मनात ठेवेल.

त्या वीस मिनिटांत पुढची उत्तरं घोळवत बसू नकोस. तिचं मागचं काय काय चुकलं ते आठवत राहिलास तर तासाभरानेही धडधड थांबायची नाही. भांडी घास, खाली चक्कर मारून ये.

परत आल्यावर सुरुवात तू करायचीस, कारण उठला होतास तू. आधी तिचं म्हणणं तिलाच सांग: ‘रविवारी ताईकडे जायचं मी तुला न विचारता ठरवलं, त्याचा तुला राग आलाय, बरोबर?’ ती ‘हो’ म्हणेपर्यंत स्वतःची बाजू मांडायची नाही. ‘नाही, तसं नाही’ म्हणाली तर पुन्हा ऐक. आणि ‘सॉरी, पण’ मधला तो ‘पण’ गिळून टाक.

हे सगळं घड्याळ लावून केल्यासारखं वाटतं, म्हणशील. वाटू दे! मला हटवादी म्हणणारे पुष्कळ आहेत, पण या बाबतीत मी हटणार नाही. आठवडा-आठवड्याचा अबोला धरून माणसं माझ्यासमोर येऊन बसतात आणि मूळ वाद कशावरून झाला ते त्यांना धड सांगता येत नाही. त्यांना हे वेळेवर कुणी सांगितलं नाही, याची मला फार खंत वाटते. म्हणून तुला पुन्हा सांगतो, वेळ सांगून ऊठ आणि त्या वेळेला ये. पाच मिनिटं उशीर होणार असेल तर तेही कळव.

पहिल्या खेपेला ती गच्चीवर येणार नाही कदाचित. तू मात्र साडेनऊला तिथे अस. दहा मिनिटं थांब, खाली ये आणि उद्याची वेळ तिलाच विचार.