हजारो ऑडिओ फाइली डेटाबेसमध्येच ठेवायच्या का? आणि नंतर शोधायच्या कशा?

फाइली बाहेर ठेवा, डेटाबेसमध्ये त्यांची नोंद ठेवा. हे मी ठेच लागून शिकलोय.

एका कामात मी बोलण्याची रेकॉर्डिंग्ज थेट मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ब्लॉब कॉलममध्ये (जिथे कच्चे बाइट जसेच्या तसे ठेवतात) टाकली होती. एरर एकही नाही, पण जी क्लिप लावावी ती दोन सेकंदांत गप्प! साध्या ब्लॉबमध्ये ६५,५३५ बाइट मावतात. माझा आवाज १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो (सेकंदाला १६,००० नमुने, प्रत्येकी २ बाइट), म्हणजे सेकंदाला ३२,००० बाइट. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असल्याने उरलेलं निमूट कापलं गेलं होतं. वॉर्निंग येत होती म्हणे. ती बघतं कोण?

लाँगब्लॉब हा ब्लॉबचा मोठा प्रकार घेतला तर ४ जीबीपर्यंत जागा मिळते, पण मग बॅकअप फुगत जातो. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला साधारण १०.६ एमबी खातो, त्यावरून अंदाज बांधा. अगदी चिमुकल्या क्लिपांची गोष्ट वेगळी. १० केबीच्या आसपासचे ब्लॉब सुट्या फाइलींपेक्षा सुमारे ३५ टक्के वेगाने वाचता येतात, असं एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणाऱ्यांनी स्वतः मोजून दाखवलंय.

खरी डोकेदुखी शोधण्याची. पाथ, कालावधी, सॅम्पल रेट, तारीख हे कॉलम तर हवेतच. शिवाय शा-२५६ हॅश (फाइलच्या बाइटांवरून काढलेली ओळखखूण) ठेवा, म्हणजे तीच फाइल दोनदा शिरणार नाही. मात्र तेच गाणं एकदा वेव्ह आणि एकदा एमपी३ असेल तर हॅश पूर्ण वेगळा येतो. तिथे लागतो ध्वनीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट. गाणी ओळखणाऱ्या शझाम ॲपच्या एव्हरी वांग यांनी २००३ साली मांडलेली पद्धत मला फार आवडते: स्पेक्ट्रोग्राममधले (कोणत्या क्षणी कोणती वारंवारता किती जोरात आहे त्या चित्रातले) ठळक बिंदू निवडायचे, त्यांच्या जोड्या लावायच्या, आणि दोन वारंवारता व त्यांच्यातलं वेळेचं अंतर मिळून एक आकडा बनवायचा. हा आकडा डेटाबेसच्या साध्या इंडेक्समध्ये (झटपट शोधायच्या सूचीत) बसतो. शोधताना जुळलेल्या प्रत्येक आकड्याची क्लिपमधली वेळ आणि मूळ गाण्यातली वेळ यांतला फरक बघायचा. तो एकाच जागी गोळा झाला की गाणं सापडलं. गोंगाटातही चालतं. गुणगुणून शोधायला मात्र उपयोग नाही, कारण ठसा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा असतो, चालीचा नाही.

तुमच्या फाइली बोलण्याच्या असतील तर ठशाची ही खटपट नको. प्रत्येक वाक्याची वेळ नोंदवून ट्रान्सक्रिप्ट करा (बोलणं लिहून काढा), त्यावर फुल-टेक्स्ट इंडेक्स (मजकुरातले शब्द शोधणारी सूची) लावा, आणि सापडलेल्या वाक्यापासूनच आवाज वाजवा.