वही लपवू नका

परवाच्या तालमीत तुम्ही दोनदा माफी मागितली. एकदा बोलता बोलता आपल्या वैदर्भी ढंगात ‘करून राहिलो’ म्हणून गेल्याबद्दल आणि एकदा नाटककार व्हायचे आहे हे सांगितल्याबद्दल. पहिलीची गरज नव्हती, दुसरीची तर मुळीच नव्हती. कॉटन मार्केटमध्ये भाजीवाल्यांची घासाघीस ऐकत उभे राहायचे आणि ती वहीत, नाहीतर बसच्या तिकिटामागे उतरवून घ्यायची, या तुमच्या सवयीला घरचे वेड म्हणत असतील. परंतु संवाद लिहू पाहणाऱ्याला याहून चांगली शिदोरी नाही. मी स्वतः उमेदीची काही वर्षे पुणेरी उच्चार घोटण्यात घालवली. त्यातून बोलणे स्वच्छ झाले, पण माझी सगळी पात्रे एकाच आवाजात बोलू लागली.

आपल्या विदर्भाच्या पूर्वेकडची झाडीपट्टी पाहा. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावोगावी रात्र-रात्रभर नाटके रंगतात, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाट्यमंडळांचे ठाण असते, आणि या रंगभूमीने कधी मुंबई-पुण्याच्या परवानगीची वाट पाहिली नाही. याच रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मात्र तालमीला उशिरा येणे हा काही स्वभावविशेष नव्हे, ती इतरांची गैरसोय आहे. येत्या महिन्यात अर्ध्या तासाची एकांकिका पूर्ण लिहा, आमच्यासमोर मोठ्याने वाचा, आणि वाचण्यापूर्वीचे ‘जमली नसेल कदाचित’ हे वाक्य तेवढे गाळा.