जांभा चिरा (तांबड्या जांभा दगडाचा घडीव ठोकळा) घेताना काय पाहावं? बाहेरून प्लास्टर हवंच का?

खाणीतून नुकताच काढलेला चिरा ओलसर आणि मऊ असतो, हवेवर सुकला की कडक होतो. त्यामुळे दोन-तीन महिने उघड्यावर राहिलेला मालच घ्या. पिवळट-पांढऱ्या मातीच्या शिरा दिसल्या तर तो चिरा सरळ बाजूला काढा. पावसात माती धुपते, भोकं उरतात आणि भिंत पाझरते. भारतीय मानकात जांभ्याची दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमी आहे. काळा दगड याच्या कितीतरी पट मजबूत, म्हणून ओलीच्या जागी पाया त्याचाच बरा.

बांधण्याआधी चिरा भिजवा, नाहीतर सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी तोच पितो आणि सांधे भुसभुशीत राहतात.

बाहेरून प्लास्टर सक्तीचं नाही. १:३ मसाल्याने (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी, नीट भरा आणि छप्पर भिंतीपुढे अडीच-तीन फूट काढा. पश्चिमेची, झडीची भिंत मात्र प्लास्टर केलेली चांगली.