तेहोकोते हे कसलं फळ आहे? त्याच्या मुळाने वजन उतरतं का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीने वजन उतरवायला 'तेहोकोतेचं मूळ' ऑनलाइन मागवलंय, ते घ्यावं का? अजिबात घेऊ देऊ नका. पाकीट आलं असेल तर आजच काढून घ्या.

२०२३ मध्ये अमेरिकेत अशी १० उत्पादनं तपासली, तर त्यातल्या ९ मध्ये पिवळी कण्हेर निघाली. म्हणजे आपली बिट्टी! लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो की आजी आधी हात धुवायला लावायची, तीच. तिचं विष थेट हृदयावर जातं. उलट्या होतात, ठोके मंदावतात. एखादी मात्रा पोटात गेली असेल तर त्रास व्हायची वाट बघू नका, पाकीट बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

या सगळ्यात बिचाऱ्या फळाची बदनामी होते, त्याचं मला फार वाईट वाटतं. मी मेक्सिकोत पुएब्लाला राहते. इथे नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात तेहोकोतेचे ढीग लागतात. सफरचंदाच्या कुळातलं काटेरी झाड, मोठ्या बोराएवढं पिवळं-केशरी फळ, सालीवर तपकिरी ठिपके. नाव मूळ नाहुआत्ल भाषेतलं, 'दगड' आणि 'आंबट फळ' मिळून झालेलं. कच्चं चावून बघितलंत तर नाव लगेच पटेल, जीभ तुरट होते.

शिजवलं की मात्र सगळं बदलतं. शेजारच्या आजींनी मला शिकवलं: पाचेक मिनिटं उकळायचं, गार पाण्यात टाकायचं आणि अंगठ्याने दाबायचं. उकडलेल्या बटाट्यासारखी साल सुटून येते. आत सायीच्या रंगाचा रवाळ गर आणि मधोमध टणक बिया.

हे सोललेले गोळे नाताळच्या 'पोंचे' या गरम पेयात जातात. मोठ्या पातेल्यात उसाचे करवे, पेरू, चिंच, दालचिनी आणि पिलोन्सियो, म्हणजे इथला शंकूच्या आकाराचा गूळ. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला गुऱ्हाळच आठवलं, डोळे भरून आले. १६ ते २४ डिसेंबर पोसादांच्या, म्हणजे नाताळाआधीच्या सणाच्या रात्री घरोघरी हे गरम गरम देतात. तेहोकोतेत पेक्टिन भरपूर, त्यामुळे रस जरा दाटसर होतो. जॅमही छान जमतो.

पोंचे पिऊन झालं की पेल्याच्या तळाशी राहिलेली फळं चमच्याने खायची आणि बिया बशीत काढायच्या.