अंदमानला स्नॉर्कलिंग करताना दिसलेलं छत्रीसारखं मऊ प्रवाळ कोणतं?

गुळगुळीत जाड देठ आणि वर दुमडलेल्या कडांची पिवळट छत्री, म्हणजे बहुतेक सार्कोफायटन या वंशातलं मऊ प्रवाळ. खात्रीसाठी फोटो मोठा करून छत्रीचा पृष्ठभाग बघा. पिसांसारख्या आठ संस्पर्शकांचे (बारीक हातांचे) लांब पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवलेसे जीव, आणि त्यांच्या मधे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, असे पॉलिपचे दोन प्रकार दिसायला हवेत. सिन्युलारिया या दुसऱ्या मऊ प्रवाळात एकच प्रकार असतो. लोबोफायटम या तिसऱ्यात दोन्ही असतात, पण वर बोटं किंवा कंगोरे असतात. पॉलिप आत ओढलेले असले की नुसतं चामडं दिसतं, तेव्हा फसायला होतं.

नेमकी प्रजाती फोटोवरून कुणी छातीठोकपणे सांगितली तर मान डोलवू नका. त्यासाठी छोटा तुकडा ब्लीचमध्ये विरघळवून उरलेले चुन्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात (ते काम संशोधकांचं, तुम्ही तोडू नका!). सार्कोफायटनची ‘ग्लॉकम’ प्रजाती म्हणवलं जाणारं प्रवाळ तर डीएनए तपासणीत अनेक प्रजातींचं कडबोळं निघालंय.