दोऱ्यांच्या जाळीची कड : वर्तुळ की पॅराबोला?

प्रश्न : मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुठ्ठ्यावर एक आडवी आणि एक उभी रेघ काढली, दोन्हींवर १ ते ९ सेंटीमीटरवर भोकं पाडली आणि आडवीवरचं १ उभीवरच्या ९ ला, २ हे ८ ला असा दोरा ओवत गेली. दोरे सगळे सरळ, तरी बाहेरच्या बाजूला मस्त वळणदार कड तयार झाली. मी म्हटलं वर्तुळाचा पाव भाग, तिचे सर म्हणतात पॅराबोला. पण पॅराबोला वाटीसारखा वर उघडलेला असतो ना, हा तर तिरका आहे. कोण बरोबर?
— एक पालक, सांगली

उत्तर : सर बरोबर आहेत. तुम्हाला वर्तुळ वाटलं ते साहजिक आहे, कारण (१०, १०) केंद्र धरून १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर तेही दोन्ही अक्षांना १० वरच टेकतं. फरक कळतो तो मधे. कोपऱ्यातून ४५ अंशांत रेघ मारा, ५ आणि ५ जोडणारा दोरा तिला (२.५, २.५) वर भेटतो आणि वर्तुळ तिला साधारण (२.९३, २.९३) वर कापतं, म्हणजे आडवं-उभं दोन्हीकडे ४ मिलिमीटरची तफावत, ग्राफ पेपरवर सहज दिसते.

आता पॅराबोलाच कशावरून? प्रत्येक दोरा कडेला कुठे टेकतो ते काढायला सोपं आहे, त्याच्या दोन्ही आकड्यांचे वर्ग करा आणि १० ने भागा. ४ आणि ६ चा दोरा (१.६, ३.६) वर टेकतो. इथे एक्स आणि वायची बेरीज ५.२, फरक २. असं कुठल्याही दोऱ्याचं करून बघा, बेरीज नेहमी फरकाचा वर्ग भागिले २०, अधिक ५ इतकीच येते (४ भागिले २० म्हणजे ०.२, त्यात ५). मला हे फार आवडतं, कारण एक राशी दुसरीच्या वर्गाने चालते म्हणजे तो शाळेतला नेहमीचाच पॅराबोला झाला, फक्त त्याची मधली रेघ वाय अक्षाला समांतर नसून ४५ अंशांत कललेली आहे. पुठ्ठा तेवढा फिरवून धरा, तुमची वाटी सरळ होईल.

दहावीच्या पुस्तकात वर उघडणारा किंवा खाली उघडणाराच भेटतो, तो वाय अक्षाला एकदाच कापतो आणि एक्स अक्षाला दोनदा, एकदा किंवा अजिबात नाही, ते विवेचकावरून (वर्गसमीकरणातल्या b² − 4ac वरून) ठरतं. त्यामुळे मुलांना वाटतं की अक्षांशी असं नातं असेल तरच पॅराबोला. तसं काही नाही, अक्ष आपण आखतो, वक्राचा आकार त्याने बदलत नाही. तुमच्या पुठ्ठ्यावरचा दोन्ही अक्षांना नुसता स्पर्श करतो, कापत कुणालाच नाही.

आणि हो, तो १० वर संपतही नाही! उभी रेघ शून्याच्या खाली वाढवा, आडवीवरचं १२ खालच्या उणे २ ला जोडा आणि ती रेघ तशीच पुढे वर न्या, ती वक्राला (१४.४, ०.४) वर टेकेल, म्हणजे १० वर अक्षाला शिवून वक्र पुन्हा वर उचललेला. हे दोऱ्याने जमणार नाही, मुलीला मोठ्या ग्राफ पेपरवर पट्टी-पेन्सिलने काढायला सांगा.