बंड्याला चूक कळते का?

प्रश्न : ताई, आमच्याकडे साडेचार महिन्यांचं देशी पिल्लू आहे, बंड्या. सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलंय. आम्ही दोघं कामावर गेलो की हॉलमध्ये सू करतो आणि संध्याकाळी ह्यांनी दार उघडलं की शेपूट पायात घालून सोफ्याखाली घुसतो, म्हणजे आपण चुकलो हे त्याला बरोबर कळतं ना? हे पेपरची गुंडाळी करून फटका देतात, सासूबाई गावाहून फोनवर सांगतात नाक घासा त्यात. महिना झाला, फरक शून्य, उलट आता हाक मारली तरी येत नाही.
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी तो पेपर रद्दीत टाका. सू केली सकाळी अकराला, फटका बसला संध्याकाळी सातला, हे दोन तो कसे जोडणार हो? त्याला एवढंच कळलंय की लॅच वाजलं आणि फरशी ओली असली की साहेब चिडतात. अमेरिकेत कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 14 कुत्र्यांवर हेच तपासलं होतं, 2009 मध्ये ते छापून आलं. खाऊला तोंड लावायचं नाही असं बजावून मालक बाहेर जायचा, मग कधीकधी कुत्र्याने न खाताच 'खाल्ला' असं मालकाला खोटं सांगायचे. तो अपराधी चेहरा मालक ओरडला की दिसायचा, खाल्लंय की नाही याच्याशी त्याचा संबंधच नव्हता, आणि उगाच बोलणी बसलेल्यांचा तर जास्तच पडायचा.

माझ्या पहिल्या कुत्रीला मी पण फटके देऊनच शिकवलं. शिकली ती, पडद्यामागे जाऊन करायला. वर माझ्यासमोर करायची इतकी भीती की पट्टा लावून तासभर फिरवलं तरी थेंब नाही, आणि घरी आलो की लगेच.

साडेचार महिन्यांच्या पिल्लाला दिवसभर धरवत नाही, तर दुपारी खाली न्यायला कोणाला तरी सांगा, शेजारचा कॉलेजचा मुलगा वगैरे, नाहीच जमलं तर बाथरूममध्ये पेपर अंथरून तिथली सवय लावा (पेपरचा हा उपयोग मला चालतो). बाहेर सू केली की तिथल्या तिथे, एक-दोन सेकंदात, शाब्बास म्हणून नखाएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, लिफ्टमधून वर येऊन दिलात तर तो लिफ्टमध्ये बसल्याचा खाऊ समजेल. मनुका, चॉकलेट, कांदा अजिबात नको. घरात करताना दिसला तर न ओरडता उचलून बाहेर न्या, नंतर सापडलं तर मुकाट्याने पुसा, वास राहिला की परत तिथेच करणार.

हाकेचं म्हणाल तर रागवायला, आंघोळीला हाक मारायचीच नाही, आपणच जाऊन आणायचं. हाक दोन पावलांवरून मारा, आला की तुकडा.

आणि ह्यांना सांगा, आठवडाभर तरी दार उघडल्यावर त्याच्याकडे न बघता चपला काढायच्या, खिशात तुकडा ठेवून खाली बसायचं. सोफ्याखालून ओढायचं नाही, येईल तेव्हा येईल.